डोकी मोजायची, गुरं नाहीत

रोज संध्याकाळी साडेसहाला मी आईला वाचून दाखवते. आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या नजरेचा मधला भाग गेलाय, फक्त कडेकडेचं दिसतं. दारात कोण आलं ते बरोबर सांगते, पण पुस्तकातली ओळ धरायला गेली की नेमका तोच शब्द पुसला जातो. म्हणून तिचं वाचन आता माझ्याकडे आलंय. खाली पुण्याची रहदारी, शेजारी कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, आणि गॅलरीत मी डॅनिश वाचत असते. उच्चार चुकला की आई बोट वर करते. डॅनिशमधला मऊ 'द' मला अजून पुरता जमत नाही. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून नुसता श्वास सोडायचा असतो. तो शब्द पुन्हा म्हणायचा, मग पुढे जायचं.

सध्या डॅनिश लेखक मार्टिन अँडरसन नेक्सोची 'पेले एरोब्रेरेन' चालू आहे. नावाचा अर्थ 'जिंकून घेणारा पेले'. १९०६ ते १९१० या काळात चार भागांत आलेली ही कादंबरी आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. आई १९६५ साली बाबांशी लग्न करून भारतात आली तेव्हा तिच्या ट्रंकेत हे चार भाग होते. बाबा मूळचे नगर जिल्ह्यातले, कोपनहेगनला इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. आई डेन्मार्कच्या उत्तर जटलंडमधल्या वेंडसिसेलची, छोट्या शेतकऱ्याच्या घरातली. मी अर्धी तिकडची आणि अर्धी इकडची, असं लोक म्हणतात. मला स्वतःला तसं अर्धं-अर्धं कधी वाटलं नाही. पण माणसांशी कसं वागायचं याबद्दलची माझी काही मतं फार हट्टी आहेत, आणि ती कुठून आली हे शोधायला गेलं की मी या ट्रंकेपाशी येते.

कादंबरी सुरू होते १ मे १८७७ च्या पहाटे. डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाच्या बंदरावर धुकं आहे, आणि स्वीडनहून मजुरांनी भरलेलं जहाज येतंय. त्यात लासे कार्लसन नावाचा थकलेला म्हातारा बाप आहे आणि त्याचा आठ वर्षांचा मुलगा पेले. धक्क्यावर शेतकरी मजूर निवडतात. तरणे, धडधाकट आधी उचलले जातात, लासेला कोणी विचारत नाही. शेवटी दोघांना एका मोठ्या शेतावर गोठ्याचं काम मिळतं.

लहानपणी मला १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, शाळेतलं झेंडावंदन आणि त्याच दिवशी लागणारा निकाल. थोडी मोठी झाल्यावर कळलं की तो कामगार दिनही आहे. पण १८७७ मध्ये कामगार दिन कुठे होता? मग नेक्सोने हाच दिवस का धरला? आईने सांगितलं, तो 'स्किफ्तेदे', म्हणजे बदलीचा दिवस. डेन्मार्कमध्ये शेतगड्यांचे आणि मोलकरणींचे करार १ मे आणि १ नोव्हेंबरला संपायचे आणि नवे व्हायचे. वर्षातून दोनदा, बोचकं पाठीवर टाकून, माणसं एका मालकाकडून दुसऱ्याकडे चालत निघायची. आणि मग तिने आतल्या खोलीतून एक छोटं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं.

तळहातात मावेल एवढं, काळपट पुठ्ठ्याचं, कोपरे झिजून गोल झालेले. आत आखलेली पानं. हे माझ्या पणजीचं 'स्कुद्समोलसबो', म्हणजे नोकराची नोंदवही. पणजी १८९१ ची. चौदाव्या वर्षी चर्चमधला दीक्षाविधी झाला आणि १ नोव्हेंबर १९०५ ला ती पहिल्या शेतावर कामाला गेली. तिथपासून १९१४ मध्ये लग्न होईपर्यंत चार मालक. प्रत्येकाने आपल्या हस्ताक्षरात आल्याची तारीख आणि गेल्याची तारीख लिहिली आहे. गाव बदललं की पाद्र्याकडे जाऊन नोंद करून घ्यायची. ही वही नसेल तर दुसरीकडे काम नाही. एका मालकाचं अक्षर सुंदर आहे, वळणदार. दुसऱ्याने इतकं दाबून लिहिलंय की मागच्या पानावर बोट फिरवलं तर तारीख हाताला लागते.

त्या काळात १८५४ चा नोकरांचा कायदा लागू होता. त्यानुसार अठराच्या आतल्या मुलाला आणि सोळाच्या आतल्या मुलीला मालकाने मारणं कायदेशीर होतं. तो अधिकार आणि ही वही, दोन्ही १९२१ मध्ये रद्द झाली. म्हणजे माझ्या पणजीच्या नोकरीची पहिली दोन वर्षं तिला मारायला कायद्याची परवानगी होती. तिला कोणी मारलं का, हे तिने कधी सांगितलं नाही. आईला तिची एकच गोष्ट लख्ख आठवते: ती उभ्याने जेवायची. स्वतःचं घर, स्वतःचं टेबल, नवरा आणि मुलं बसलेली, आणि ती चुलीपाशी ताटली हातात धरून उभी. कोणी 'बस ना' म्हटलं की म्हणायची, मला असंच बरं वाटतं.

पेलेच्या पहिल्या भागात एक प्रसंग आहे. त्या मोठ्या शेतावर शेतीचं काम शिकायला आलेला, वरच्या थरातला एक तरुण पेलेचे कपडे उतरवून त्याला चाबकाने मारतो. पेले रडत बापाकडे येतो. लासे पेटून उठतो: आत्ता जातो, त्याची हाडं मोडतो. पेलेच्या डोळ्यांत बाप एकदम आभाळाएवढा होतो. आणि मग समोरासमोर आल्यावर लासेचा आवाज बसतो, पाठ वाकते, आणि तो गयावया करून परत येतो. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते आणि मला लासेचा भयंकर राग आला. आई म्हणाली, "त्याच्यावर रागवू नकोस. ज्याची नोकरी, भाकरी आणि अंथरूण एकाच माणसाच्या हातात असतं, त्याने धीट असायचं कसं?" हे वाक्य तिने मराठीत म्हटलं होतं. डॅनिशमध्ये म्हटलं असतं तर कदाचित इतकं लक्षात राहिलं नसतं.

नेक्सोने हे ऐकीव लिहिलेलं नाही. १८६९ मध्ये कोपनहेगनच्या गरीब वस्तीत जन्म, आठव्या वर्षी बोर्नहोमला, तिथे गुरं राखली, मग चांभाराकडे उमेदवारी. ज्या नेक्सो गावात वाढला त्याचंच नाव त्याने लावलं. पुढे तो कट्टर कम्युनिस्ट झाला आणि सोव्हिएत राजवटीच्या बाबतीत शेवटपर्यंत डोळे मिटून राहिला. हे मला सलतं. ज्याला लासेच्या पाठीचा वाक दिसला, त्याला तिथल्या छावण्यांतली माणसं दिसू नयेत? तरीही पेले मी बाजूला ठेवू शकत नाही.

आईच्या डेन्मार्कबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना मेणबत्त्या आणि सायकली ऐकायच्या असतात. मला सांगावीशी वाटते ती दुधाची गोष्ट. १८७० नंतर अमेरिकेचं स्वस्त धान्य युरोपात आलं आणि डॅनिश शेतकऱ्याच्या गव्हाला भाव राहिला नाही. त्यांनी धान्य सोडून दूधदुभत्याकडे मोर्चा वळवला. पण पाच गाईंवाला एकटा चांगलं लोणी काढू शकत नव्हता. त्याचं लोणी कधी आंबट, कधी खारट, इंग्लंडच्या बाजारात त्याला कोण विचारणार? १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधल्या येडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन डेअरी काढली. वाफेच्या इंजिनावर चालणारं मलई काढायचं यंत्र आलं होतं, सगळ्यांचं दूध एकत्र घालता येऊ लागलं. मलईचं लोणी इंग्लंडला, उरलेलं पातळ दूध परत घरी डुकरांना. काही वर्षांत अशा शेकडो डेअऱ्या झाल्या.

हे अर्थशास्त्र झालं. मला आवडतो तो त्यांचा मतदानाचा नियम. नफा दुधाच्या प्रमाणात वाटायचा, पण सभेत मत माणशी एक, गाई कितीही असोत. डॅनिशमध्ये 'होवेदर' म्हणजे डोकी आणि 'हूवेदर' म्हणजे गुरं. एका अक्षराच्या फरकाचे हे दोन शब्द घेऊन त्यांनी म्हण केली: मतं डोक्यांप्रमाणे, गुरांप्रमाणे नाहीत. माझ्या पणजोबांकडे तीन गाई होत्या. शेजारच्या बड्या शेतकऱ्याकडे तीस. डेअरीच्या वार्षिक सभेला पणजोबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, आणि घरी येऊन सांगायचे की आज मी हात वर केला. कशासाठी केला ते कुणाच्या लक्षात नाही, पण ते सांगणं तीन पिढ्या टिकलं.

बाबांना ही गोष्ट फार आवडायची. त्यांचं बालपण प्रवरेच्या काठचं; विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो काळ त्यांनी विद्यार्थी म्हणून पाहिलेला. आई डेअरीचं सांगायची, बाबा कारखान्याचं, आणि जेवण थंड व्हायचं. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: सभासदाला मत आहे, पण सभासदाच्या शेतावर राबणाऱ्याला कुठे आहे? ऊसतोडणी करणारा कारखान्याच्या सभेत नसतो. पेले आणि लासेही कुठल्या डेअरीच्या सभेत बसले नसते. डेन्मार्कच्या १८४९ च्या राज्यघटनेचा शाळाशाळांत गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. पण त्याच वेळी मताधिकारातून वगळलेल्यांची यादीही तिथली मुलं पाठ करतात, कारण डॅनिशमध्ये ती सगळी नावं 'फ'ने सुरू होतात: बायका, नोकर, गरीब, परके, दिवाळखोर, खुळे, गुन्हेगार. पणजी त्यातल्या पहिल्या तिन्हींत बसत होती. बायकांना आणि मालकाच्या घरी राहणाऱ्या नोकरांना मत मिळालं १९१५ मध्ये.

गरिबांची गोष्ट अजून लांबली. सार्वजनिक गरीबनिधीतून मदत घेतली आणि ती फेडली नाही, तर माणसाचा मताधिकार जात असे. म्हणजे उपाशी राहा आणि नागरिक राहा, किंवा जेवा आणि नागरिकत्व गहाण टाका. कोणाला किती द्यायचं हे गावातले प्रतिष्ठित ठरवणार, त्यांच्या मर्जीने. १९३३ च्या सामाजिक सुधारणांनी हे चित्र बरंचसं पालटलं. मंत्री होते के. के. स्टाइनके. तत्त्व साधं: मदत ही मर्जीची बाब नाही, कायद्यात लिहिलेला हक्क आहे, आणि अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला ती सारखीच मिळेल. त्या सुधारणांना वाट करून देणारा पक्षांमधला समझोता पंतप्रधान स्टाउनिंग यांच्या राहत्या घरी झाला, ३० जानेवारी १९३३ ला. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हिटलर चॅन्सेलर झाला.

आईला मराठी शिकताना एक शब्द सापडला, आणि तो तिने आयुष्यभर सोडला नाही: मिंधा. डॅनिशमध्ये त्याला नेमका प्रतिशब्द नाही, असं ती म्हणते. कर्जबाजारी म्हणजे मिंधा नव्हे, कृतज्ञ म्हणजे तर नव्हेच. ज्याच्यावर उपकार झालेत आणि आता ज्याला मान वर करून बोलता येत नाही, तो मिंधा. "आमच्या लोकांनी शंभर वर्षं खटपट केली ती हा शब्द घालवायला," असं ती म्हणायची, "आणि आमच्याकडे तो शब्दच नव्हता!"

माझ्या लहानपणी आमच्याकडे मावशी कामाला यायच्या. आई त्यांना पहिल्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणे. भाजीवाल्याला, पोस्टमनला, सगळ्यांना तुम्ही. महिन्याला चार सुट्ट्या ठरलेल्या, कालनिर्णयवर हिरव्या पेन्सिलीने गोल केलेल्या. एकदा मावशींना विषमज्वर झाला, महिना-सव्वा महिना आल्या नाहीत. आईने पूर्ण पगार पाकिटात घालून ठेवला. बाबांची आई तेव्हा आमच्याकडे असायची. ती अगदी मायेने म्हणाली, "सूनबाई, तुझं मन मोठं आहे हो." आई लाल झाली. म्हणाली, "आई, मन कशाला मोठं लागतं? तुमचा मुलगा आजारी पडला तर ऑफिस पगार देतं. तेव्हा साहेबाचं मन मोठं आहे असं आपण म्हणतो का?" आजीने पुष्कळ वेळ काही उत्तर दिलं नाही. नंतर मावशी आल्या तेव्हा ते पाकीट आजीनेच त्यांच्या हातात ठेवलं आणि 'हे तुमचंच आहे' एवढंच म्हणाली.

पण आईचं सगळंच बरोबर होतं असं नाही. मावशींनी आमच्याबरोबर टेबलावर बसून जेवलं पाहिजे, असा तिचा आग्रह होता. मावशी बसायच्या, पण खुर्चीच्या अगदी कडेला, एक घास जेमतेम घशाखाली उतरवत. दोन आठवड्यांनी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाळ, तुझ्या आईला सांग, मला मागच्या गॅलरीत जेवू दे. तेवढाच अर्धा तास माझा असतो." मी सांगितलं. आईला ते लागलं. तिला पणजी चुलीपाशी उभी दिसत होती, आणि ती दुरुस्ती तिला आमच्या जेवणघरात करायची होती. मावशींना मात्र कुणाच्या पणजीची भरपाई व्हायचं नव्हतं. त्यांना निवांत बसून, पाय पसरून जेवायचं होतं. दुसऱ्या दिवशी आईने गॅलरीत एक चौरंग आणि पाण्याचा तांब्या ठेवला. या प्रसंगाबद्दल ती आजही बोलते. स्वतःच्या मनातली समता दुसऱ्यावर लादणं हीसुद्धा मालकीच, असं तिला तेव्हा उमगलं.

हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या गोष्टी तर मराठी मुलांनाही ठाऊक असतात. काडेपेटी विकणाऱ्या मुलीवर रडलं नाही असं कोण आहे? डेन्मार्कमध्ये त्याला कोणी हान्स म्हणत नाहीत, आद्याक्षरांनीच ओळखतात: हो. से. अँडरसन. ओडेन्सचा, चांभाराचा आणि धोबिणीचा मुलगा. त्याची एक गोष्ट आई आम्हाला फार सांगायची. धोबीण थंडगार नदीत उभी राहून कपडे धुते, ऊब यावी म्हणून दारू पिते. तिचा पोरगा तिच्यासाठी बाटली घेऊन जाताना मोठ्या साहेबाला भेटतो. तो अदबीने टोपी काढतो. टोपीचा पुढचा भाग मधोमध मोडलेला असतो, त्यामुळे ती घडी करून खिशात घालता येते. साहेब म्हणतो, तुझी आई कामाची नाही. अँडरसनने आपल्या आईसाठी लिहिलेली ही गोष्ट. दारू का प्यायची हे कळायला आधी पाण्यात उभं राहावं लागतं. नेक्सोची दित्ते मात्र आई मला पूर्ण वाचू देत नाही. १९१७ ते १९२१ मध्ये आलेली ती कादंबरी एका अनौरस मुलीची: सगळ्यांची पोरं सांभाळते, शेतावर मोलकरीण होते, कोपनहेगनला जाते, आणि पंचविसाव्या वर्षी राबून राबून मरते. शेवटचा भाग आला की आई म्हणते, पुरे, आत जाऊ या.

वारसा म्हटला की तो सगळाच घ्यावा लागतो. कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर डॅनिश ताब्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीला नको असलेल्या मिशनरी विल्यम केरीला १८०० साली तिथे आसरा मिळाला, आणि पंडित वैजनाथांच्या मदतीने केरीने रचलेलं मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये तिथल्याच छापखान्यातून निघालं. आईला याचा फार अभिमान. ऑक्टोबर १९४३ मध्ये सात हजारांहून जास्त ज्यूंना मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोचवलं, त्याचाही. पण त्याच डॅनिश झेंड्याखाली वेस्ट इंडिजमधल्या बेटांवर १८४८ पर्यंत गुलामगिरी होती, आणि ऊस तोडणाऱ्यांच्या पाठीवर चाबूक होता. आणि जानेवारी २०१६ मध्ये डॅनिश संसदेने कायदा केला की आश्रय मागायला येणाऱ्यांकडची दहा हजार क्रोनरच्या वरची किमती चीजवस्तू सरकार काढून घेऊ शकेल.

ती बातमी मीच आईला वाचून दाखवली. तेव्हा तिची नजर नुकतीच जायला लागली होती. ती काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "पेलेचा पहिला भाग काढ. सुरुवातीपासून." मी धुकं वाचलं, जहाज वाचलं, बंदरावर स्वीडिश मजुरांची थट्टा करणारी माणसं वाचली. तिने मध्येच थांबवलं. "आमच्या सगळ्या कामगारांची लाडकी गोष्ट," ती म्हणाली, "आणि ती एका परक्याच्या पोराची आहे. हे यांनी वाचलं नाही का ग?"

शेवटच्या भागात पेले तुरुंगातून सुटून सहकारी तत्त्वावर बुटांचा कारखाना काढतो. कादंबरी म्हणून तो भाग थोडा ढिला आहे, पहिल्या भागातल्या गोठ्याच्या वासाची सर त्याला नाही. आईला पटत नाही. तिच्या मते थकलेल्या माणसाला शेवटी काहीतरी उभं करू द्यावं.

आईची काळजी घ्यायला हल्ली दिवसभर ताई असतात. परवा पुस्तकांवरची धूळ पुसताना त्यांना पणजीची वही सापडली. "हे काय, बँकेचं पासबुक?" मी सांगितलं, आणि तारखा वाचून दाखवल्या. १ नोव्हेंबर १९०५ ते १ मे १९०७. ताईंनी बोटांवर मोजलं. "दीड वर्ष. यात सुट्ट्या कुठे मांडल्यात?" मी म्हटलं, यात तो रकानाच नाही. त्यांनी वही हातात घेतली, अक्षर येत नसलं तरी एकेक पान उलटून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत गेल्या, मग पदराने पुठ्ठा पुसून ती परत दिली.

साडेसहा वाजले होते. मी पेले उघडलं. ताई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. भाषा कळत नाही, पण कधीकधी त्या ऐकतात. कडेच्या नजरेने आईला त्या दिसल्या असाव्यात. "बसा की," आई म्हणाली.

"इथेच बरं आहे, आजी. वारा येतोय."

आईने एकदा तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मला वाच म्हणून खूण केली.